उडण्याआधी मोजा पाच बोटं

बालदोस्तांनो,

आज मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. एरवी वर्गात कबुल्या तुम्ही देता आणि बाई ऐकतात. 'गृहपाठ का झाला नाही?', 'खडूचा डबा कोणी सांडला?' वगैरे वगैरे. आज उलटं आहे. आज चूक बाईंची आहे आणि ऐकायचं तुम्ही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कामशेतला गेले होते. कामशेत म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यातलं गाव. पुणे ते लोणावळा लोकलगाडी धावते ना, तिच्या वाटेवरचं एक स्टेशन. आजूबाजूला डोंगर, जवळच पवना धरणाचं पाणी. आणि त्या डोंगरांवरून माणसं उडतात! खरंच उडतात. विमान नाही, इंजिन नाही, पंखा नाही. डोक्यावर एक मोठा रंगीत कापडी पंख आणि खाली पट्ट्यांत बसलेला माणूस. याला म्हणतात पॅराग्लायडिंग. माझा मामेभाऊ चिंचवडला नोकरीला आहे. तो म्हणाला, "ताई, तू लहानपणी घारी बघत बसायचीस. ये, शिकून घे." आणि मी गेले.

सुट्टी संपली, शाळा भरली. पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात मी हात पसरून सांगितलं, "मुलांनो, असा पंख उघडला, अशी धावले आणि पाय सुटले की जमिनीवरून!" मुलं डोळे मोठ्ठे करून ऐकत होती. मला फार छान वाटलं.

पुढच्या रविवारी आमच्या वर्गातल्या एका मुलानं घरची ताडपत्री घेतली, तिच्या चार टोकांना सुतळी बांधली, गोठ्याच्या पत्र्यावर चढला आणि दिली उडी. खाली पऱ्हाट्यांचा ढीग होता म्हणून थोडक्यात निभावलं. पण मनगटाचं हाड मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा त्याची आजी म्हणाली, "काय करावं बाई, पोरगं म्हणे आमच्या बाई उडल्या, मी बी उडतो." त्यांनी मला रागावून एक शब्दही म्हटला नाही. चहा दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही.

का सांगू? कारण मी वर्गात जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेली अर्धी गोष्ट मी लपवली होती. ती आज सांगते. आणि तीच जास्त महत्त्वाची आहे, बरं का!

पंख की छत्री?

आधी हा पंख म्हणजे काय ते बघू. आमच्या त्या दोस्ताला वाटलं, पॅराग्लायडर म्हणजे मोठी ताडपत्री. ती धरली की माणूस अलगद उतरतो. इथंच घोटाळा झाला.

उशीचे अभ्रे घ्या. एकाला एक चिकटवून तीसचाळीस अभ्रे ओळीनं शिवा. सगळ्यांची तोंडं पुढच्या बाजूला, मागची बाजू बंद. आता ते घेऊन वाऱ्यासमोर धावलात तर काय होईल? तोंडातून हवा आत शिरेल आणि सगळे अभ्रे टम्म फुगतील. पॅराग्लायडरचा पंख असाच असतो. प्रत्येक कप्प्यात हवा शिरते आणि फुगून त्याला वरून फुगीर असा पक्ष्याच्या पंखासारखा आकार येतो. त्यात काठी नाही, कामटी नाही. हवा हीच त्याची हाडं!

हा पंख पुढे सरकताना हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर ढकलते. पतंग कसा तिरका उभा राहून वाऱ्याला खाली ढकलतो, तसंच काहीसं. म्हणून पॅराग्लायडरला नुसतं खाली यायचं नसतं, सतत पुढे जायचं असतं. साधारण १ मीटर उंची गमावली की तो ८-९ मीटर पुढे जातो. १०० मीटर उंच टेकडीवरून शांत हवेत निघालात तर ८००-९०० मीटर लांब जाऊन उतराल. ताडपत्रीला हे जमत नाही. तिला आकार नाही, पुढे जाणं नाही. आठ फुटांवरून उडी मारली तर तिला नीट उघडायलासुद्धा वेळ मिळत नाही.

या पंखाचं कापड पातळ नायलॉनचं असतं. जवळून पाहिलंत तर त्यात बारीक चौकटी दिसतात. जाड धाग्याच्या या चौकटींमुळे एखादं भोक पडलं तरी ते सहजासहजी पुढे फाटत जात नाही. पंखाला खाली कितीतरी बारीक दोऱ्या असतात, जाडी जेमतेम १-२ मिलिमीटर. पण दोरी बारीक म्हणून हसू नका! बुलेटप्रूफ जॅकेटात जे धागे वापरतात, त्याच जातीच्या धाग्यांपासून या दोऱ्या बनवतात. सगळा पंख घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावतो. वजन साधारण ४ ते ६ किलो. तुमच्या काही जणांच्या दप्तराएवढंच!

हा खेळ फार जुना नाही. १९७८ साली फ्रान्समधल्या मियूसी नावाच्या गावात तीन पॅराशूटवाल्यांनी विचार केला, की उडी मारायला दर वेळी विमान कशाला? डोंगरावरूनच धावत सुटलं तर? त्यांनी चौकोनी पॅराशूट उघडलं आणि उतारावरून धावत सुटले. तिथून हा खेळ जगभर पसरला. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातलं बीड-बिलिंग हे त्याचं मोठं ठिकाण. २०१५ मध्ये तिथं पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप भरला होता. महाराष्ट्रात कामशेत आणि पाचगणी ही नावं तुम्ही ऐकाल.

आणि हो, समुद्रकिनारी बोटीला दोर बांधून माणसाला वर नेतात, ते पॅराग्लायडिंग नव्हे. ते पॅरासेलिंग. दोघांची गल्लत करू नका.

घार कशी वर जाते?

आमच्या पहूरला एप्रिल-मे महिन्यात दुपारी बाहेर पडलात तर काळ्या रानावर धुळीची वावटळ फिरताना दिसते. कागदाचे कपटे, वाळका पाला गरगरत वर जातो. रुईच्या बोंडातली म्हातारीही सुटते आणि खाली यायचं सोडून वरवर जाते. कारण काय? नांगरलेली काळी जमीन लवकर तापते. तिच्यावरची हवा तापते, हलकी होते आणि वर चढू लागते. घारीला हे बरोब्बर कळतं. ती त्या वर जाणाऱ्या हवेत शिरते आणि पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जाते. तिला जणू फुकटची लिफ्टच मिळते!

पॅराग्लायडर उडवणारे हेच करतात. अशा हवेला ते थर्मल म्हणतात. दुसरी युक्ती म्हणजे डोंगराची. वारा डोंगरावर आदळला की त्याला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या वर जाणाऱ्या वाऱ्यावर डोंगराच्या अंगानं इकडून तिकडे तरंगत राहायचं.

पण डोंगराच्या मागच्या बाजूला काय होतं? पावसाळ्यात आमच्या वाघूर नदीला पाणी आलं, की पात्रातल्या मोठ्या दगडापुढे बघा. पाणी दगडावर चढतं, आणि दगडामागे मात्र गरगर भोवरे होतात. वाऱ्याचंही तसंच. डोंगराच्या मागे वारा असा घुसळतो, की भलाभला पंख चुरगळून जातो. म्हणून वाऱ्याकडे तोंड असलेल्या उतारावरूनच उडायचं, मागच्या बाजूनं कधीच नाही.

तीन दिवस जमिनीवर

आता माझी लपवलेली गोष्ट.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आज उडणार! पण प्रशिक्षकांनी एक सपाट मैदान दाखवलं आणि म्हणाले, "बाई, इथं पंख नुसता उभा करायला शिका." मी पंख उभा केला. तो डावीकडे पडला. पुन्हा केला. उजवीकडे पडला. तिसऱ्यांदा तो मलाच फरफटत घेऊन गेला! दुपारपर्यंत माझे कोपर सोलून निघाले. जवळच गुरं चारणारा एक मुलगा पोट धरून हसत होता.

तीन दिवस हेच. मधूनमधून छोट्या उतारावरून चारपाच सेकंद पाय सुटायचे, की लगेच जमिनीवर. 'पाय सुटले की जमिनीवरून' असं मी वर्गात सांगितलं, ते हेच. उंची विचाराल तर तुमच्या शाळेच्या फळ्याएवढी!

दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली, ती मी कधी विसरणार नाही. मी हेल्मेट घातलं, छातीचा पट्टा लावला, पंख मागे पसरला आणि म्हणाले, "तयार!" प्रशिक्षक माझ्याजवळ आले. काही न बोलता त्यांनी माझ्या मांडीजवळचे दोन पट्टे उचलून दाखवले. दोन्ही लोंबत होते. मी लावलेच नव्हते.

दोस्तांनो, बसायच्या त्या खुर्चीसारख्या पट्ट्यांना हार्नेस म्हणतात. त्यात पायांचे पट्टे लावले नाहीत तर काय होतं? जमिनीवर काहीच कळत नाही. धावता येतं, पंखही वर येतो. पण एकदा हवेत गेलं की माणूस हार्नेसमधून खाली सरकू लागतो. या एका विसरण्यापायी जगात वर्षानुवर्षं उडणारी, मुरलेली माणसंही दगावली आहेत. नवखी माणसं घाबरून दोनदा तपासतात. मुरलेली माणसं गप्पांच्या नादात विसरतात.

त्या दिवशी मी छोट्या उतारावर होते, म्हणून वाचले. प्रशिक्षक रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, शाळेत हजेरी घेता ना? रोज तीच मुलं, तरी रोज घेता. इथंही तसंच. रोज तेच पट्टे, तरी रोज हजेरी."

पाच बोटांची हजेरी

ही हजेरी मी पाच बोटांवर बसवली आहे. तुम्हीही हात पुढे करा बघू.

अंगठा म्हणजे आपण स्वतः. हेल्मेटचा पट्टा लावला? पायांचे दोन्ही पट्टे, छातीचा पट्टा? हार्नेस आणि पंख जोडणाऱ्या कड्या, म्हणजे कॅराबिनर, नीट बंद झाल्या? राखीव पॅराशूटची पिन जागेवर आहे?

तर्जनी म्हणजे दोऱ्या. कुठे गाठ, पीळ, काडी अडकली आहे का? ब्रेकचे दोन्ही हात मोकळे फिरतात का? पंख वळवणं आणि वेग कमी करणं या ब्रेकवरच असतं.

मधलं बोट म्हणजे पंख. तो कमानीसारखा नीट पसरला आहे? सगळ्या कप्प्यांची तोंडं उघडी आहेत?

अनामिका म्हणजे वारा. समोरून येतोय का? किती जोरात? एकसारखा वाहतोय की झटके देतोय?

करंगळी म्हणजे आकाश. पुढे, वर, बाजूला दुसरं कोणी उडतंय का?

पाचही बोटं 'हजर' म्हणाली तर धावायचं. एक जरी गैरहजर असलं तर थांबायचं. चार बोटांवर उडायचं नसतं.

आकाशातही रस्त्यासारखे नियम आहेत. दोघं समोरासमोर आले तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. डोंगराच्या कडेनं उडताना ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला उजवीकडे वळायला जागाच नसते, म्हणून वाट दुसऱ्यानं द्यायची. आणि थर्मलमध्ये पहिला ज्या दिशेनं गोल फिरत असेल, मागून येणाऱ्या सगळ्यांनी त्याच दिशेनं फिरायचं. उतरतानाही वाऱ्याकडे तोंड करूनच उतरायचं, आणि विजेच्या तारांपासून लांब राहायचं.

आणि मी उडालेच नाही

चौथा दिवस. आज मोठ्या टेकडीवर जायचं होतं. माझं पहिलं खरंखुरं उड्डाण! रात्री झोप आली नाही. सकाळी पंख पाठीवर घेऊन, धापा टाकत आम्ही वर पोहोचलो. खाली छोटी छोटी शेतं, लांबवर चमचमणारं पाणी. मनात म्हटलं, बस्स, आता पाच मिनिटांत मी घार!

प्रशिक्षकांनी वाऱ्याचा वेग मोजायचं चिमुकलं यंत्र हातात धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "थांबू या."

अर्धा तास थांबलो. वारा वाढतच गेला. तासाभरानं ते म्हणाले, "आज नाही. चला खाली."

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मी म्हटलं, "सर, मी पहूरहून आलेय हो! उद्या माझी गाडी आहे." ते म्हणाले, "वाऱ्याला तुमचं तिकीट दिसत नाही, बाई."

मग त्यांनी हिशोब सांगितला. तुम्हीही करून बघा. पॅराग्लायडर हवेत साधारण ताशी ३६ किलोमीटर वेगानं पुढे जातो. समोरून ताशी १६ किलोमीटर वारा असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला तो ताशी २० किलोमीटरनं पुढे जाताना दिसेल. वारा ताशी ३६ झाला तर? जागच्या जागी उभा! आणि ४० झाला तर? ताशी ४ किलोमीटरनं चक्क मागे मागे. मागे काय आहे? डोंगराची मागची बाजू. वाघूरच्या दगडामागचे भोवरे आठवले ना? म्हणून नवशिक्यांना मंद, एकसारख्या वाऱ्यातच सोडतात.

ढगांचंही तसंच आहे. २००७ सालच्या १४ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियातल्या मनिला गावाजवळ एव्हा विस्निएर्स्का या जर्मन संघातल्या महिलेला गडगडाटी ढगानं आत ओढून घेतलं. ती ९,९४६ मीटर उंचीवर पोहोचली. म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही वर! तिथं पुरेसा प्राणवायू नाही, सगळीकडे गारा आणि बर्फ. ती बेशुद्ध पडली. नशीब बलवत्तर म्हणून खाली येताना शुद्धीवर आली आणि वाचली. त्याच ढगात सापडलेला एक चिनी उड्डाणपटू मात्र वाचला नाही. लक्षात घ्या, हे कच्चे खेळाडू नव्हते, जागतिक स्पर्धेसाठी आलेले होते. ढगापुढे पदकं चालत नाहीत. म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात कामशेतचं उडणं बंद असतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत काय तो हंगाम.

त्या दिवशी आम्ही सगळे जण पंख पाठीवर टाकून आल्या वाटेनं चालत खाली उतरलो. कोणी कुरकुरलं नाही. एक आजोबांच्या वयाचे गृहस्थ होते, कितीतरी वर्षं उडणारे. ते शीळ घालत उतरत होते. मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "वर जाऊन 'खाली असतो तर बरं' असं वाटण्यापेक्षा, खाली राहून 'वर असतो तर बरं' असं वाटलेलं केव्हाही चांगलं!"

तर अशी मी न उडता पहूरला परत आले. आणि वर्गात तुमच्यासारख्या मुलांसमोर मला ते सांगायची लाज वाटली. म्हणून चारपाच सेकंदांच्या उड्या तेवढ्या रंगवून सांगितल्या. पट्टे विसरले ते गाळलं. तीन दिवस धडपडले ते गाळलं. परत फिरलो ते तर पार गाळलं. मुलांना काय कळलं? पंख पसरा आणि उडी मारा. चूक कोणाची? माझीच.

पंखाची काळजी

संध्याकाळी खाली आल्यावर प्रशिक्षकांनी आम्हाला पंखाची निगा शिकवली. तेही ऐका, कारण उडण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

पंखाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू कमजोर होतं. अंगणात उन्हापावसात राहिलेलं प्लॅस्टिकचं पोतं पुढे हात लावताच फाटतं, पाहिलंय ना? म्हणून उडणं झालं की पंख लगेच सावलीत न्यायचा आणि गुंडाळायचा.

दुसरा शत्रू ओल. ओला पंख गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवायचा. धुवायची वेळ आलीच तर साधं पाणी आणि मऊ स्पंज. साबण नाही, पावडर नाही, घासणं तर मुळीच नाही.

तिसरा शत्रू ऐकून हसाल. नाकतोडा! गवतातला नाकतोडा पंखात अडकून घडीत गेला, तर तो कापड कुरतडून बाहेर यायला बघतो. म्हणून घडी घालण्याआधी कप्प्यांतून किडे, काड्या, माती झटकून काढायची. पंख जमिनीवरून फरफटत न्यायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, दोऱ्यांवर तर नाहीच. भर उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत त्याला कोंबून ठेवायचा नाही.

छोटीशी चीर पडली तर त्यासाठीची चिकटपट्टी मिळते. पण चीर मोठी असेल किंवा दोरी तुटली असेल, तर सुई-दोरा घेऊन घरी बसायचं नाही. ते तज्ज्ञाचं काम. दोरी बोटभर लांबआखूड झाली तरी पंखाचा आकार बिघडतो. म्हणूनच ठरावीक काळानं पंख तपासणीला देतात. तिथं कापडातून हवा किती झिरपते ते मोजतात, दोऱ्यांची लांबी आणि ताकद मोजतात.

आणि राखीव पॅराशूट? ते हार्नेसमध्ये घडी करून ठेवलेलं असतं. मुख्य पंख बिघडलाच तर ते हातानं ओढून बाहेर फेकायचं. कदाचित आयुष्यभर लागणारही नाही. पण ठरावीक काळानं ते उघडायचं, हवा द्यायची आणि जाणकाराकडून पुन्हा घडी घालून घ्यायची. वर्षानुवर्षं घडीत राहिलं तर गरजेच्या क्षणी उघडायला उशीर लागतो, आणि त्या क्षणी उशीर परवडत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबा, तुम्हीही हे पान वाचता हे मला ठाऊक आहे. सहलीला गेलात की मुलं हट्ट धरतात, 'आपण पण उडू या!' प्रशिक्षित पायलटबरोबर एकाच पंखाखाली दोघांनी उडतात, त्याला टँडम म्हणतात. त्यात गैर काही नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून झालेल्या अशाच एका उड्डाणात पर्यटक तरुणी आणि पायलट, दोघांचाही जीव गेला. म्हणून पैसे देण्याआधी प्रश्न विचारा. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती केली आहे का? पायलटचं प्रशिक्षण कुठलं? राखीव पॅराशूट आहे का? दोघांना हेल्मेट आहे का? विचारताना संकोच नको. चांगला पायलट प्रश्नांनी चिडत नाही, खूश होतो. आणि तो "आज वारा बरा नाही" म्हणाला, तर "आम्ही एवढ्या लांबून आलोय, पैसे भरलेत" असं कृपा करून म्हणू नका. मी म्हटलं होतं. माझं चुकलं होतं.

पूर्ण गोष्ट

मागच्या आठवड्यात आमच्या दोस्ताचं प्लास्टर निघालं. तो शाळेत आला. मी सगळ्या वर्गासमोर उभी राहिले आणि आज तुम्हाला सांगितली ती सगळी गोष्ट, काही न गाळता, त्यांना सांगितली. पट्टे विसरले तिथं मुलं एकदम गप्प झाली. न उडता परत आले तिथं मला वाटलं, आता हसतील. कोणीच हसलं नाही.

मग आम्ही एक खेळ केला. प्रत्येकानं स्वतःची पाच बोटांची हजेरी बनवायची. एकीनं सायकलची बनवली: ब्रेक, चेन, हवा, घंटी, मागेपुढे नजर. एकानं संक्रांतीच्या पतंगाची बनवली: गच्चीला कठडा आहे का, जवळ विजेच्या तारा आहेत का, मांजा साध्या दोऱ्याचा आहे ना (नायलॉनचा मुळीच नको!), सोबत मोठं माणूस आहे का, पाखरं परतायची वेळ तर नाही ना? एका मुलीनं तर आईच्या गॅसची बनवली. तुम्हीही एक बनवा आणि माझ्या नावानं अंकाच्या पत्त्यावर पाठवा. चांगल्या चांगल्या हजेऱ्या पुढच्या वेळी याच पानावर सांगेन.

आणि उडावंसं वाटलं तर? गोठ्यावर चढू नका. हातरुमालाच्या चार टोकांना सारख्या लांबीचे दोरे बांधा, त्यांना खाली एक छोटा खडा बांधा आणि मोकळ्या मैदानात वर भिरकवा. एक दोरा मुद्दाम आखूड करून बघा, रुमाल कसा उतरतो ते. दोऱ्यांची लांबी का मोजतात, ते तुम्हाला लगेच कळेल.

वर्ग सुटताना तो दोस्त मागे रेंगाळला. मनगट चोळत म्हणाला, "बाई, तुम्ही परत जाणार का तिकडे?"

मी म्हटलं, "हो. उन्हाळ्याच्या सुट्टीत."

"आणि तेव्हाही वारा जास्त असला तर?"

"तर खाली येईन."

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "मग जा."

तर दोस्तांनो, परवानगी मिळाली आहे. तिकडून आल्यावर काय झालं ते नक्की सांगेन. उडाले तर उडाले म्हणून, नाही उडाले तर नाही उडाले म्हणून.

तुमच्या,
पहूरच्या बाई